वसंताला मंजुरी देणारे मामा

वसंत ऋतू आपसूक येतो अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी माझ्या मामेसासऱ्यांना पाहिलेलं नाही. निदान शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत तरी मामांच्या परवानगीशिवाय वसंताची पाऊल टाकायची छाती नाही. सावर फुलू दे, पळस पेटू दे, आंबा मोहोरानं वाकू दे, मामा जोवर खाटल्यावरून उठून, घसा खाकरून "आला!" असं म्हणत नाहीत तोवर तो सगळा नुसता देखावा. मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे सख्खे थोरले भाऊ. मुरबाड ओलांडून सिद्धगडाच्या पायथ्याशी त्यांचं गाव. वय ऐंशीला टेकलेलं, अंगानं काटकुळे, आवाज मात्र तीन शेतं ओलांडून जाणारा. थंडीत डोक्याला मफलर गुंडाळतात आणि तो कधी सोडायचा हे झाडं ठरवतात. सावरीचं पहिलं लाल फूल जमिनीवर पडलं की मफलर सुटतो. एका वर्षी सावर उशिरा फुलली, तर हा माणूस भर उन्हात घामानं निथळत, मफलरसकट लग्नाच्या पंगतीला बसलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. वाढपी काकुळतीला येऊन म्हणाला, "मामा, काढा की आता. तुमाला बघून आमाला उकडतंय." मामा म्हणाले, "मला उकडून काय उपेग? झाडाला उकडलं पायजे."

या खोडीचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. उभी हयात त्यांनी भातसानगरला धरणावर काढली. काम एकच, रोज सकाळी पाण्याची पट्टी वाचायची आणि आकडा फोनवरून वर कळवायचा. निवृत्त झाल्यावर धरण सुटलं, कळवायची खोड काही सुटली नाही. आता वर कळवायला साहेब उरला नाही, म्हणून ते खाली सापगावला आम्हाला कळवतात. माघ लागला की रोज पहाटे साडेपाचला आमच्या घरी फोन वाजतो. 'कशी आहेस, पोरं कशी आहेत' वगैरे फालतूपणा नाही. थेट, "सूनबाई, घे लिहून. खालच्या बांधावरचा पळस, चार आणे. पांगारा, निरंक. कुसुंबाची पालवी आली, पण रंग कच्चा हाय. तांबट पक्षी कालपासून टुकटुक करतोय, कामाचं नाव नाय, नुसता ठोकल्याचा आवाज." मी अर्धवट झोपेत "हो मामा" म्हणते. "काय लिवलंस, वाच बघू," असं ते लगेच विचारतात. मी शाळेत मास्तरीण असून माझीच अशी रोज तोंडी परीक्षा होते.

लग्न होऊन आले त्या पहिल्याच वर्षी मी त्यांच्याकडून खाल्लेली बोलणी अजून आठवतात. नवी सून म्हणून मला मामांकडे जेवायला नेलं होतं. अंगणातला आंबा मोहोरानं गच्च भरलेला, वास असा की पानात वाढलेल्या भाजीचा पत्ता लागेना. काहीतरी गोड बोलावं म्हणून मी म्हणाले, "वसंत आला की हो मामा!" झालं. मामांनी हातातला घास पानात ठेवला. सासूबाईंनी मला टेबलाखालून चिमटा काढायला हवा होता, पण टेबलच नव्हतं, आम्ही पाटावर बसलो होतो. "सूनबाई," मामा म्हणाले, "मोहोर म्हणजे अर्ज. अर्ज सगळेच करतात. मंजुरी यायचीय अजून." मी चुकून कॅलेंडरचं नाव काढलं. "कॅलेंडर मुंबईत छापतात," मामा म्हणाले. "मुंबईत कोण सावरीखाली बसलंय?" त्या दिवसापासून मी या विषयात तोंड उघडायचं सोडून दिलं.

बरं, नुसतं कळवून थांबतील तर ते मामा कसले! झाडापाखरांच्या वतीनं ते भांडायलाही जातात. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी वाफा भाजायची रीत आहे, त्याला राब म्हणतात. झाडाच्या डहाळ्या, पाला, गवत वाफ्यावर पसरायचं आणि पेटवायचं. एकदा त्यांच्या शेजाऱ्यानं रचून ठेवलेल्या डहाळ्यांत बुलबुलानं घरटं केलं. मामांना पत्ता लागला. शेजारी काडेपेटी घेऊन येतो तो काय, राबाच्या मधोमध मामा मांडी घालून बसलेले! "मामा, उठा, मला राब भाजायचाय." "आत बाळंतीण हाय." "आवं, बुलबुल हाय ती!" "मग? बुलबुल बाळंत होत नाय का?" सगळ्या गावाचे राब भाजून झाले, या बिचाऱ्याचा राहिला. तो रोज येऊन विचारायचा, "मामा, उडाली का पोरं?" आणि मामा म्हणायचे, "धाकट्याच्या पंखात अजून जोर नाय." शेवटी पिल्लं उडाली त्या दिवशी शेजाऱ्यानं गूळ वाटला म्हणतात. मामा तो गूळ बुलबुलाच्या बारशाचा समजून खाऊन आले.

पण मामांचं खरं वैर एकाच माणसाशी, आणि ते माणूस म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांची धाकटी बहीण. सासूबाई लग्न करून सापगावला आल्या तेव्हापासून हा तंटा चालू आहे. वसंत आधी कुठे येतो? मामांचं म्हणणं, तो सिद्धगडावरून खाली उतरतो, मुरबाडला मुक्काम करतो आणि उरलासुरला शहापूरकडे जातो. सासूबाईंचं म्हणणं, तो नदीच्या कडेकडेनं येतो, सापगावला हातपाय धुतो आणि मग सवड मिळाली तर मुरबाडकडे वळतो. या वादाचा निकाल लावायला दोघांनी पाहुणे, भटजी, एसटीचे कंडक्टर असे सगळे पंच करून झाले. एके वर्षी तर सासूबाई पळसाची फुललेली फांदी वर्तमानपत्रात गुंडाळून, पुरावा म्हणून एसटीनं भावाकडे घेऊन गेल्या. मामांनी चष्मा लावून फांदी उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "बाय, ही वाटेत आमच्या हद्दीत तोडलेली फांदी हाय." सासूबाई तशाच पाण्याला न शिवता परत आल्या. पुढे आठ दिवस आमच्या घरात मुरबाडच्या नावाचा उच्चार झाला नाही.

शेवटचा निकाल मात्र दोघांनाही मान्य होता, आणि तो कोकिळेचा. कोकिळा ज्याच्या आंब्यावर आधी बोलेल त्याचा वसंत आधी. मामांच्या घरात तर त्याचा कायदाच होता. कोकिळा ऐकल्याशिवाय झाडाची कैरी तोडायची नाही. पडलेली उचलायची नाही, मिठाला लावायची नाही, तिच्याकडे बघून तोंडाला पाणीसुद्धा सोडायचं नाही. मामांनी स्वतःच्या कानांनी कोकिळा ऐकायची, मग सासूबाईंना फोन करून "आमच्याकडं आली!" म्हणून खिजवायचं, आणि मग आकडीनं पहिली कैरी काढायची. गावातली माणसंही येता-जाता विचारायची, "मामा, आली का?" मामांनी मान हलवली की घराघरांत कैऱ्या उतरायच्या. मी एकदा आगाऊपणानं सांगितलं, "मामा, पुस्तकात लिहिलंय, गाते ती कोकिळा नसते, नर असतो." मामा म्हणाले, "खोटं. पुरुष एवढा वेळ वरडला असता, तर बायकोनं गप केला असता." मामी तेव्हा हयात होत्या. त्या नुसत्या हसल्या.

यंदा मात्र सगळंच उलटं झालं. पळसाचा फोन आला, पांगाऱ्याचा आला, करवंदीच्या पांढऱ्या फुलांचा आला. शिमगा झाला, होळी पेटून विझली. आमच्या सापगावच्या आंब्यावर कोकिळेनं ओरडून ओरडून कान किटवले. सासूबाईंनी तर चार दिवस आधीच जिंकल्याची घोषणा करून घरात पुरणपोळी केली. मामांचा कोकिळेचा फोन काही येईना. मग इतर फोनही बंद झाले. पहाटे साडेपाचला घर गुपचूप. मला खरं तर झोप मिळायला हवी होती, पण साडेपाचला जाग येऊन मी त्या फोनकडे बघत पडायची.

दोन दिवसांनी मामांच्या सुनेचा, सुमनचा फोन आला. आवाज दबलेला. "ताई, कोकिळा आमच्या डोस्क्यावर बसून बोंबलतेय. दहा दिवस झाले. आणि आबा म्हनतात, अजून नाय आली. कैऱ्या लिंबाएवढ्या झाल्या, वाऱ्यानं खाली पडतात नि सुकतात. कोणी हात लावला तर वसकन अंगावर येतात." मला आधी हसू आलं. मग तिनं पुढचं सांगितलं, तेव्हा माझं हसू आटलं. मामांना ऐकू येत नव्हतं. जवळून मोठ्यानं बोललेलं कळायचं, पण लांबचं, बारीक, उंच असं सगळं निसटलं होतं. मुलानं कल्याणहून कानात घालायचं यंत्र आणून दिलं, तर "बहिऱ्यांचं असतंय ते" म्हणून मामांनी ते मिठाच्या बरणीमागे टाकलं. सकाळपासून दुपारपर्यंत आंब्याखाली खाटलं टाकून, हाताचा पंजा कानामागे धरून बसतात. गावातलं कुणी "मामा, आली का?" विचारलं की म्हणतात, "नवा महामार्ग झालाय ना, वाट चुकली असंल." काल म्हणे जेवताना सुमनला हळूच म्हणाले, "औंदा ती आली नाय, तर समजायचं आपल्याला बोलावणं आलंय."

सासूबाईंना मी हे सांगितलं. मला वाटलं, त्या म्हणतील, बरं झालं, खोड मोडली. पण पोळपाटावरची भाकरी थापता थापता फाटली, ती त्यांनी गोळा करून पुन्हा थापली, पुन्हा फाटली. मग म्हणाल्या, "मेला, हरायला तरी ताठ बसायचं ना! समोर दादा नाय तर मी जिंकले कोनाला गो?" आणि पदरानं तोंड पुसून उठल्या. "काढ तुझी गाडी."

बहात्तर वर्षांच्या सासूला मागे बसवून स्कूटरवरून मुरबाडकडे निघालेली सून या रस्त्यानं याआधी पाहिली असेल की नाही कोण जाणे, पण मागे बसून कोकिळेसारखी ओरडणारी सासू त्यानं नक्कीच पाहिली नसेल. सापगाव सुटलं न सुटलं तोच माझ्या कानात "कुऊऽ" असा आवाज झाला, आणि मी गाडी जवळजवळ गटारात घातली. "अहो आई!" "गप चालव. लहानपणी मी अशीच वरडून दादाला फसवायची. बघते, जमतंय का." जमत नव्हतं. पहिला सूर कोंबड्यासारखा, दुसरा नळाला हवा आल्यासारखा. वाटेत चहाला थांबलो, तिथे टपरीवाल्यानं विचारलं, "आजींना ठसका लागला काय?" सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं चहात आलं वाढवलं. मुरबाड येईस्तोवर त्यांनी अर्धी पुडी खडीसाखर संपवली आणि सूर बऱ्यापैकी पाखराच्या जातीत आणला.

मामांच्या घरामागे पेंढ्याची उडवी रचलेली होती, अंगणातल्या आंब्यापासून दहाएक पावलांवर. सुमननं आम्हाला मागच्या वाटेनं आत घेतलं. सासूबाई लुगड्याचा काचा मारून उडवीमागे बसल्या. मी पुढच्या दारानं, आत्ताच आल्यासारखी अंगणात गेले. मामा खाटल्यावर होते. पंजा कानामागे. मला बघून नेहमीसारखं "घे लिहून" म्हणाले नाहीत. "बस," एवढंच म्हणाले. खरी कोकिळा नेमकी आमच्या डोक्यावरच्या फांदीत होती आणि गळा फाडून ओरडत होती. मामा तिच्या बरोबर खाली बसून, उन्हानं पांढऱ्या पडलेल्या आभाळाकडे टक लावून तिची वाट बघत होते. मला ते बघवेना.

एवढ्यात उडवीमागून आवाज आला. "कुऊऽ!" कसला आवाज तो! गोठ्यातलं वासरू दचकलं. कुत्रं भुंकायला लागलं. झाडावरची खरी कोकिळा बहुतेक अपमान होऊन गप्प झाली. "कुऊऽऽ! कुऊऽऽऽ!" सासूबाई प्रत्येक वेळी सूर वर चढवत होत्या, चढवता चढवता त्यांना खोकला आला, तो त्यांनी गिळला, आणि पुन्हा "कुऊऽऽऽऽ!"

मामांनी हात वर केला. कानामागचा पंजा आणखी पुढे वळला, डोळे बारीक झाले. सुमन दारात पदर तोंडात धरून उभी होती. मामा बराच वेळ ऐकत राहिले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरची सगळी घडी उलगडली आणि ते म्हणाले, "आली."

"आली, आली!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

"पण म्हातारी दिसते," मामा म्हणाले. "दम लागतोय तिला." आणि सुमनकडे वळून, "उडवीमागं तांब्याभर पाणी ठेव गो. लांबून आली असंल."

सुमन माझ्याकडे बघते, मी सुमनकडे. मामांच्या चेहऱ्यावर मात्र काही म्हणता काही नव्हतं. त्यांनी सावकाश खिशातून फोन काढला, डोळ्यांपासून हातभर लांब धरून बहिणीचा नंबर लावला. उडवीमागे फोन वाजायला लागला. मोठ्यानं. सासूबाईंचा फोन देवाची आरती म्हणतो, ती आरती उडवीतून येऊ लागली. मग झटापट, पेंढा खसफसला, आरती अर्ध्यावर तुटली. मामांनी फोन कानावरून खाली घेतला. "उचलत नाय," ते म्हणाले. "हरली म्हणून लपून बसली असंल कुठंतरी."

मग ते उठले, आकडी घेतली आणि पहिली कैरी काढली. मी पुढे झाले, पण आकडी मला घेऊ दिली नाही. सुमननं तिखटमीठ आणलं. सासूबाई थोड्या वेळानं पुढच्या दारानं आल्या, आत्ताच एसटीतून उतरल्यासारखं तोंड करून. केसांत पेंढा, लुगड्याला पेंढा, दंडावर मुंग्या चावल्याचे फोड. "कवा आलीस बाय?" मामांनी विचारलं. "ही काय, आत्ताच," त्या म्हणाल्या, आणि घसा इतका बसला होता की ते तीन शब्दसुद्धा धड निघाले नाहीत. मामांनी कैरीची सगळ्यात मोठी फोड त्यांच्या हातावर ठेवली. दोघं एका खाटल्यावर बसून, डोळे मिटून मिटून आंबट खात राहिली. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी ओरडून विचारलं, "मामा, आली का?" मामांनी ऐकलं नाही, पण सुमननं हातानं खूण केली तेव्हा त्यांनी रस्त्याकडे बघून मान हलवली. माणूस "आली रे, आली!" म्हणत पुढे गेला. हे बघून मला रडू आलं, आणि तिखट लागलं म्हणून मी ते खपवलं.

तेवढ्यात झाडावरची खरी कोकिळा पुन्हा सुरू झाली. आता स्पर्धा संपली म्हणून असेल, नुसता गळा मोकळा सोडला तिनं. आम्ही तिघींनीही वर पाहिलं. मामांनी आमच्या माना वर गेलेल्या पाहिल्या. चावता चावता ते थांबले. मग सुमनला नाही, मला नाही, बहिणीच्या कानाशी तोंड नेऊन, त्यांना जमेल तेवढ्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, "काय म्हणते गो ती?"

सासूबाईंनी हातातली फोड खाली ठेवली. भावाचं डोकं जवळ ओढून, त्याच्या कानात, बसलेल्या घशानं जीव खाऊन त्या ओरडल्या, "म्हणते, मी आधी मुरबाडलाच आले!"